कात्री लागण्याआधी

मुंबई-पुण्याच्या चाळींत आणि सोसायट्यांत अजूनही भर दुपारी बोहारीण येते. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली, काखेत कपड्यांचं गाठोडं. जुन्या पँटी, शर्ट, साड्या पुढ्यात आल्या की ती एकेक कपडा उजेडाकडे धरते, शिवण ओढून बघते, कॉलर उलटवते, पँटीचा गुडघा चाचपते आणि मग एका पातेल्यासाठी आणखी दोन साड्या मागते. घासाघीस भांड्यावरून चालते, पण पारख चाललेली असते कापडाची. हा शर्ट धुऊन-इस्त्री करून पुन्हा विकला जाईल, या जुन्या शालूची जर चांदीसाठी जाईल, ही चादर यंत्रं पुसायच्या चिंध्यांत जाईल, हे तिला कापड हाताला लागताच कळतं. गुजरातेतून आलेल्या वाघरी किंवा देवीपूजक समाजाच्या कुटुंबांनी हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आहे. दिल्लीत रघुबीर नगरच्या घोडा मंडीत याच समाजाचा जुन्या कपड्यांचा बाजार उजाडायच्या आधी भरतो.

शाश्वत फॅशनची ओळख सहसा पॅरिस किंवा मिलानच्या रॅम्पवरून करून दिली जाते. ती या गाठोड्यापासून करून द्यायला हवी. वापरलेल्या कापडातून नवं काही घडवायचं तर पहिलं कौशल्य लागतं ते निवडीचं, आणि ते ज्यांच्या हातात आहे त्यांची नावं डिझाइनच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडतात.

आधी या व्यवहाराचा आवाका पाहू. २०२३ साली जगात कापडासाठी सुमारे १२ कोटी ४० लाख टन तंतू तयार झाले. त्यातले निम्म्याहून अधिक पॉलिएस्टरचे, म्हणजे खनिज तेलातून आलेले. जुन्या कापडापासून पुन्हा काढलेल्या तंतूंचा वाटा एक टक्काही नाही. भारतात दरवर्षी सुमारे ७८ लाख टन कापडकचरा साठतो, असा अंदाज ‘फॅशन फॉर गुड’ या संस्थेने २०२२ साली मांडला. त्यातला साधारण निम्मा लोकांच्या घरांतून येतो आणि ७ टक्के परदेशांतून. उरलेला सुमारे ४२ टक्के गिरण्यांतून आणि तयार कपड्यांच्या कारखान्यांतून निघतो. म्हणजे कुणाच्याही अंगाला न लागलेलं, एकदाही न धुतलेलं कापड.

या शेवटच्या आकड्यापाशी थांबायला हवं. जुन्या कपड्यांचं काय करायचं, हा प्रश्न आपण कपडा जुना झाल्यावर विचारतो. त्याचं उत्तर मात्र तो शिवला जाण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. कोणतं सूत निवडलं, त्यात काय मिसळलं, कापड टेबलावर कसं पसरलं, कात्री कुठून फिरली, अस्तर चिकटवलं की शिवलं, बटण लावलं की झिप, यातल्या प्रत्येक निर्णयाने त्या कपड्याच्या पुढच्या आयुष्याची एकेक वाट उघडते किंवा बंद होते. म्हणून हा विषय मुळात डिझाइनचा आहे. कचरा व्यवस्थापनाचा तो नंतर होतो.

टेरीकॉटचं उदाहरण घ्या. सत्तरच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत टेरीकॉटचा शर्ट ही ऐटीची वस्तू होती. इस्त्री मोडत नाही, दोरीवर तासाभरात वाळतो, वर्षानुवर्षं विटत नाही. हे गुण खरेच होते. पण कापूस आणि पॉलिएस्टर एकाच सुतात पिळले गेले की त्यांना पुन्हा वेगळं करणं फाडणाऱ्या यंत्राच्या आवाक्याबाहेर जातं. शुद्ध सुती कापडाचा कापूस पुन्हा पिंजता येतो, शुद्ध पॉलिएस्टर वितळवता येतं. मिश्रणातून मात्र दोन्ही तंतू असे शुद्ध परत मिळत नाहीत. आजच्या अंगासरशी बसणाऱ्या जीन्समध्ये टक्का-दोन टक्के इलास्टेन, म्हणजे ताणला जाणारा तंतू, असतं आणि तेवढंसुद्धा तंतू मोकळे करण्याच्या कामात अडथळा आणायला पुरतं. तंग बसणारी ती पँट डिझाइन करणाऱ्याने तिच्या शेवटाचा विचार केलेला नसतो, कारण त्याला तो कुणी करायला सांगितलेलाच नसतो.

पानिपत म्हटलं की मराठी मनात १७६१ उभं राहतं. आजचं पानिपत जगाच्या टाकून दिलेल्या कपड्यांवर जगतं. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या विणकर कुटुंबांनी इथे माग उभे केले आणि पुढे जुन्या लोकरीपासून सूत काढणारे कारखाने वाढत गेले. चिंध्यांपासून लोकरी सूत काढण्याची ही युक्ती यॉर्कशरमधल्या बॅटली गावच्या बेंजामिन लॉ याने १८१३ च्या सुमाराला बसवली. इटलीतल्या प्राटो शहराने ती पुढे नेली. तिचा सर्वांत मोठा पसारा मात्र हरियाणात मांडला गेला.

युरोप-अमेरिकेतले कोट, स्वेटर, स्कार्फ गाठींनी कांडला बंदरात उतरतात. ते जसेच्या तसे बाजारात विकले जाऊ नयेत म्हणून त्यांच्यावर आधीच कापे मारलेले असतात. पानिपतच्या गोदामांत बायका जमिनीवर बसून उभ्या पात्यावर हे कपडे चिरतात. बटणं, झिपा, लेबलं, अस्तर वेगळं करतात. मग रंगांचे ढीग लागतात. लाल लालात, निळा निळ्यात, आणि निळ्यातही कितीतरी छटा वेगळ्या. ही छाननी जितकी काटेकोर, तितकं सूत एकरंगी. इथे नव्याने रंग चढवावा लागत नाही, तो जुन्या कपड्यातच आलेला असतो. त्यामुळे रंगाईचं पाणी, मीठ आणि रसायनं सगळंच वाचतं. त्यानंतर दातेरी रुळांमधून चिंध्या फाडून तंतू मोकळे केले जातात, पिंजले जातात, आणि त्यांचं जाडसर सूत ब्लँकेटच्या मागांवर चढतं. भूकंप, महापूर, युद्ध यांच्यानंतर मदत संस्था जी करडी-तपकिरी ब्लँकेटं वाटतात, त्यांतली असंख्य पानिपतची असतात.

मेघना गुप्ता यांनी २०१२ साली या बायकांवर ‘अनरॅव्हल’ हा छोटा माहितीपट केला. इतके धड कपडे लोक टाकतात तरी का, याचा अंदाज त्या बायका आपापसांत बांधतात. तिकडे पाणी फार महाग असेल, धुण्यापेक्षा फेकणं स्वस्त पडत असेल, असा एक तर्क त्यातून पुढे येतो. ज्यांच्या घरी कपडा झिजेपर्यंत वापरला जातो, त्यांना दुसरं कारण सुचणार कुठून? जगाच्या उपभोगावर इतका अचूक अभिप्राय एखाद्या अहवालात सापडणं अवघड आहे.

या शहराचं कौतुक करताना दोन गोष्टी विसरून चालणार नाही. कारखान्यांत तंतूंची धूळ दिवसभर उडत असते आणि ती तिथल्या कामगारांच्या छातीत जाते. मजुरीही बेताचीच असते. पुनर्वापर झाला म्हणजे न्याय झाला, असं समीकरण कुठेच लागू पडत नाही. दुसरं म्हणजे पॉलिएस्टरच्या स्वस्त, मऊ, हलक्या पोलर फ्लीसच्या ब्लँकेटांनी जुन्या लोकरीच्या मालाची बाजारपेठ मोठ्या प्रमाणात खाल्ली आणि पानिपतचे अनेक कारखाने स्वतःच फ्लीसकडे वळले. दुसरीकडे तिरुपूरच्या कारखान्यांतलं सुती कातरण आणून त्याचं रंगीत सूत काढण्याचा धंदा तिथे जोरात आहे. सतरंज्या, पडदे, चादरी आणि आता कपड्यांचं कापडही त्यातून निघतं.

कापूस पुन्हा पिंजला की त्याचा तंतू आखूड होतो. आखूड तंतूचं सूत कमजोर, म्हणून त्यात नवा कापूस किंवा पॉलिएस्टर मिसळावं लागतं. या अडचणीवर रसायनशास्त्राकडून उत्तर मिळेल, अशी मोठी आशा आहे. स्वीडनच्या ‘रिन्यूसेल’ने जुन्या सुती कपड्यांचा लगदा करून त्यापासून व्हिस्कोससारखा नवा तंतू काढता येईल अशी पद्धत बसवली आणि २०२२ साली सुंड्सवालला मोठा कारखाना उभारला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तंत्र चाललं, कारखाना चालला, पुरेशी मागणी आली नाही. पुढे नव्या मालकाने ती विकत घेतली, पण धडा उरलाच: शाश्वततेच्या जाहिराती करणारे ब्रँड किलोमागे थोडे जास्त पैसे मोजायची वेळ आली की मागे सरतात.

मग बाजारात ‘रीसायकल्ड’ची चिठ्ठी मिरवणारे इतके कपडे येतात कुठून? बहुतेक पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्यांतून. ‘पॅटागोनिया’ या कपड्यांच्या कंपनीने १९९३ मध्ये बाटल्यांपासून फ्लीस बनवली. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात ब्राझीलसह अनेक संघांच्या नायकीच्या जर्सीत प्रत्येकी आठपर्यंत बाटल्या वितळलेल्या होत्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये पंतप्रधान संसदेत बाटल्यांपासून बनवलेल्या कापडाचं जाकीट घालून आले. भारत या कामात मागे नाही. वापरलेल्या पेट बाटल्यांपैकी सुमारे ९० टक्के पुन्हा उपयोगात येतात, असं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या पाहणीत दिसलं, आणि त्यामागे कचरावेचकांचे कष्ट आहेत. तरी या चिठ्ठीपुढे प्रश्नचिन्ह ठेवावंच लागतं. बाटलीची पुन्हा बाटली झाली तर ते चक्र अनेकदा फिरू शकतं. बाटलीचा शर्ट झाला की तिचा पुढचा प्रवास बहुधा उकिरड्यापर्यंतच असतो. शिवाय पॉलिएस्टरचा एकेक कपडा एका धुण्यात १९०० हून अधिक सूक्ष्म तंतू पाण्यात सोडू शकतो, असं २०११ च्या एका गाजलेल्या अभ्यासाने दाखवलं. पॉलिएस्टर पुनर्वापरातलं आहे म्हणून हे गळणं थांबत नाही.

कापडाच्या आधीच्या आयुष्याला हात घालणारे डिझाइनर वेगळ्या वाटेने जातात. क्रिती तुला यांनी २०१२ साली दिल्लीत सुरू केलेलं ‘डूडलेज’ निर्यात कारखान्यांनी नाकारलेलं कापड, उरलेले तागे, कटपीस गोळा करून त्यांचे कपडे करतं. एका ताग्यातून किती शर्ट निघतील हे कापड हातात आल्यावरच कळतं. म्हणून आधी चित्र काढून मग कापड मागवण्याची शाळेत शिकवलेली रीत इथे उलटी करावी लागते. पुण्यातल्या करिश्मा शहानी-खान यांच्या ‘का-शा’ने ‘हार्ट टू हाट’ या उपक्रमातून वापरलेले कपडे आणि स्वतःच्याच शिलाईखोलीतलं कातरण पुन्हा घडवायला घेतलं. डाग पडला तिथे भरतकाम, फाटलं तिथे जोड. आणि ती जोड लपवण्याऐवजी तीच नक्षी. पुण्याच्याच अमिता देशपांडे यांच्या ‘रीचरखा’मध्ये वेफर्सची पाकिटं आणि पातळ पिशव्या धुऊन, पट्ट्या कापून, चरख्यावर गुंडाळल्या जातात आणि हातमागावर विणून त्यांच्या बॅगा होतात. ज्या प्लास्टिकला भंगारवाला हात लावत नाही, त्याला इथे मागणी आहे.

या कामाच्या अडचणी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. हजार एकसारखे शर्ट हवे असतील तर जुन्या कापडातून ते निघत नाहीत. उसवणं, धुणं, छाटणं, जुळवणं हे सगळं हाताचं काम. नवं कापड ताग्यावरून सरळ कापण्यापेक्षा त्याला कितीतरी वेळ जास्त. म्हणून असा शर्ट महाग पडतो आणि तो घेणारा वर्ग लहान राहतो. अंशू गुप्ता यांच्या ‘गूंज’ने ही कोंडी वेगळ्या तऱ्हेने फोडली. १९९९ साली घरातल्या ६७ कपड्यांपासून सुरू झालेल्या या संस्थेने शहरातले जुने कपडे गावांकडे नेले, पण दान म्हणून वाटले नाहीत. गावाने विहीर खणायची, बंधारा बांधायचा, रस्ता दुरुस्त करायचा आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घ्यायचे. जे कापड अंगावर घालण्याजोगं नाही, त्याची पाळीच्या दिवसांसाठी स्वच्छ सुती पॅड शिवली जातात. या कामासाठी गुप्ता यांना २०१५ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

कापणीच्या बाबतीत मराठी घरांकडे सांगण्यासारखं बरंच आहे. तयार कपड्यांच्या कारखान्यात कापडाचा सुमारे १५ टक्के भाग टेबलाखाली पडतो. बाह्यांचे आणि मुंढ्यांचे गोलवे एकमेकांत बसत नाहीत म्हणून. नऊवारीत कातरणच नाही. नेसण्याच्या कौशल्याने तेच लांबलचक कापड शेतात कासोटा होतं आणि लग्नात मिरवतं. लुगडं विरलं की त्याचं दुपटं होतं, मग त्याचे थर गोधडीत जातात, वर जोडाची ठिगळं आणि सगळीकडून धावदोरा. गोधडी शिवणारी बाई मऊ कापड आत आणि दणकट कापड वर घेते, सुती आणि सिंथेटिक एका थरात मिसळत नाही, कारण धुतल्यावर दोन्ही वेगवेगळी आकसतात. हे साहित्याचं शास्त्रच आहे. परदेशातल्या डिझाइन शाळांमध्ये हाच विचार वेगळ्या मार्गाने आला. टिमो रिसानेन आणि हॉली मॅक्विलन यांनी एकही तुकडा वाया न घालवता कपडा कसा आखायचा याची पद्धतशीर मांडणी केली. त्यांच्या आराखड्यात खिसा, कॉलर, पट्टी हे सगळं उरलेल्या जागेतून जन्माला येतं. आकार आधी ठरवून कापड त्यात कोंबायचं, की कापडाला विचारून आकार ठरवायचा, हा फरक एकदा उमगला की विद्यार्थ्याची पेन्सिलही वेगळी चालू लागते.

आता ‘नैतिक’ साहित्याकडे वळू. ही बाजू जास्त दुखरी आहे.

२४ एप्रिल २०१३. ढाक्याजवळच्या सावर इथली राणा प्लाझा ही आठमजली इमारत कोसळली आणि १,१३४ माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली. वरच्या शिलाई कारखान्यांतल्या मुलींना मात्र कामावर बोलावलं गेलं. ढिगाऱ्यात पाश्चात्त्य ब्रँडच्या चिठ्ठ्या सापडल्या. त्यानंतर इमारती आणि आगीपासूनच्या सुरक्षेचा बंधनकारक करार झाला, ‘फॅशन रिव्होल्यूशन’ची चळवळ उभी राहिली, आणि माझा कपडा कुणी शिवला हा प्रश्न गिऱ्हाईक उघडपणे विचारू लागलं.

हा प्रश्न शिलाई यंत्रापाशी संपत नाही. तो शेतापर्यंत जातो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयांत गेले. माणसाच्या उंचीची कपाशी, उघडं तोंड, पाठीवर पंप आणि घामेजलेल्या कातडीतून भिनणारं औषध. त्या बोंडांतून निघालेलं सूत ज्या शर्टात गेलं, त्याच्या चिठ्ठीवर ‘१०० टक्के कॉटन’ एवढंच छापलेलं असणार, आणि ते वाचणाऱ्याला तो शर्ट निसर्गाच्या जवळचा वाटणार.

सेंद्रिय कापूस हा त्यावरचा एक मार्ग, आणि तो पिकवण्यात भारत जगात आघाडीवर आहे. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात, ज्याचं उद्घाटन १९३८ साली गांधीजींनी केलं, आजही सेंद्रिय कापसाची खादी वनस्पतिजन्य रंगांत रंगवली जाते. शेत, सूत, रंग आणि माग एकमेकांना ओळखतात. जिथे ही ओळख तुटते तिथे प्रमाणपत्र लागतं, आणि प्रमाणपत्र खोटं होऊ शकतं. २०२० मध्ये सेंद्रिय कापडाचं जागतिक मानक ठरवणाऱ्या ‘गॉट्स’नेच उघड केलं की भारतातल्या सुमारे २० हजार टन कापसाला बनावट कागदांच्या आधारे सेंद्रिय ठरवलं गेलं होतं. त्याचा फटका खऱ्या सेंद्रिय शेतकऱ्याला बसतो. त्याच्या मालावरचा विश्वास जातो आणि भावही.

पाण्याचंही तसंच. तिरुपूरच्या रंगाईने नोय्यल नदी आणि तिच्या काठची शेतं नासवली. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने सातशेहून अधिक रंगाई कारखाने बंद झाले. ते पुन्हा उघडले ते एकही थेंब बाहेर न सोडण्याच्या अटीवर. आज तिथे रंगाईचं पाणी आणि मीठ दोन्ही परत मिळवून वापरलं जातं. ही सुधारणा ब्रँडच्या सदिच्छेने आली नाही. ती काठच्या शेतकऱ्यांनी न्यायालयात दिलेल्या लांबलचक लढ्याने आली.

चामड्याला पर्याय शोधण्याचे प्रयोग उत्साह वाढवणारे आहेत. कानपूरची ‘फूल’ ही कंपनी देवळांतल्या निर्माल्यापासून चामड्यासारखं साहित्य घडवते, केरळची ‘मलाई’ नारळाच्या पाण्यावर जीवाणू वाढवून. अशा नव्या साहित्यांकडे बघताना वरच्या थरात प्लास्टिकचं लिंपण आहे का, हे आवर्जून विचारावं, कारण पुष्कळदा ते असतं. आणि जुन्या ज्ञानालाही या यादीत मानाची जागा हवी. कोल्हापुरी चपलेचं चामडं परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलं जातं, क्रोमियमशिवाय. शिवण चामड्याच्याच वादीची, त्यामुळे चप्पल दुरुस्त करता येते. २०१९ मध्ये तिला महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला उल्लेखाविना दाखवल्या, महाराष्ट्रातून आक्षेप उमटले, आणि मग कंपनीने भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली. साहित्य कितीही शुद्ध असलं, तरी ते घडवणाऱ्याचं नाव आणि वाटा गाळला तर त्याला नैतिक म्हणता येणार नाही.

आता कायदेही बदलत आहेत. फ्रान्सने २०२० च्या कायद्याने न विकलेले कपडे नष्ट करण्यावर बंदी आणली. ‘बर्बेरी’ या महागड्या ब्रँडने एका वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा माल जाळल्याचं त्याच्या दोनच वर्षं आधी बाहेर आलं होतं. युरोपीय संघात जानेवारी २०२५ पासून कापडकचरा वेगळा गोळा करणं बंधनकारक आहे. तो जाणार कुठे? घानातल्या अक्राच्या कांतामांतो बाजारात आताच आठवड्याला सुमारे दीड कोटी जुने कपडे उतरतात, असा तिथे काम करणाऱ्या ‘ऑर फाउंडेशन’चा अंदाज आहे. कांडला आणि पानिपतलाही या प्रश्नाचा भार उचलावा लागेल.

जुलै २०२४ मध्ये लागू झालेल्या युरोपच्या नव्या इकोडिझाइन नियमावलीनुसार पुढच्या काही वर्षांत प्रत्येक कपड्यासोबत त्याची डिजिटल नोंदवही द्यावी लागेल: तंतू कोणते, त्यांचं प्रमाण किती, दुरुस्ती आणि पुनर्वापर कसा करायचा. ही माहिती ब्रँडच्या मुख्यालयात तयार होत नाही. ती भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या मागांवर, तिरुपूरच्या रंगाईत आणि विदर्भाच्या जिनिंगमध्ये तयार होते. तिथल्या छोट्या यंत्रमागधारकाला ती नोंद ठेवायला कोण शिकवणार, त्याचा खर्च कोण देणार आणि शेतकऱ्याचा, शिलाई कामगाराचा, चिंध्या वेचणाऱ्या बाईचा मोबदला तिच्यात येणार की नाही, याच्या वाटाघाटी आत्ता सुरू असायला हव्यात.